इंग्रजी-डॅनिश अनुवाद : क्रियाविशेषणे व निपातयुक्त क्रियापदे

इंग्रजी मजकूर डॅनिश भाषेत आणताना क्रियाविशेषणे आणि क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारखे लहान अव्यय जोडून बनणारी क्रियापदे यांच्या बाबतीत उद्‌भवणारे प्रश्न व ते सोडविण्याच्या रीती. अशा जोडक्रियापदांना येथे निपातयुक्त क्रियापदे म्हटले आहे. ‘गिव्ह अप’ (नाद सोडणे), ‘पुट ऑफ’ (लांबणीवर टाकणे), ‘लुक आफ्टर’ (सांभाळणे) ही त्यांची परिचित उदाहरणे होत. क्रियापद व अव्यय यांचे सुटे अर्थ एकत्र केल्याने त्यांचा अर्थ लागतोच असे नाही.

डॅनिश ही इंडो-यूरोपियन भाषाकुलाच्या जर्मानिक शाखेतील उत्तरेकडील म्हणजे स्कँडिनेव्हियन गटाची भाषा असून ती बोलणाऱ्यांची संख्या सु. ६० लाख आहे. इंग्रजी त्याच शाखेच्या पश्चिम गटात मोडते. दोन्ही भाषांचा नित्याचा शब्दसंग्रह व वाक्यांची एकंदर घडण यांत पुष्कळ साम्य आहे. त्यामुळे एकीतून दुसरीत अनुवाद करणे सुकर असावे, असे वाटते. नामे व मोठे पारिभाषिक शब्द यांच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. खरी अडचण लहान शब्दांची असते. इंग्रजी अव्यय जी गोष्ट अनुक्त ठेवते, ती डॅनिश व्याकरण उघड सांगावयास लावते : क्रिया गतीची आहे की स्थितीची, अर्थ शब्दशः घ्यावयाचा की लक्षणेने, बोलणारा ऐकणाऱ्याला काय माहीत आहे असे समजतो. मूळ लेखकाने न केलेली निवड अनुवादकाला करावी लागते आणि ती चुकली, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही त्याचा अर्थ पालटतो.

डॅनिश लेखन व उच्चार यांत बरेच अंतर आहे. प्रस्तुत नोंदीत डॅनिश शब्द उच्चाराच्या जवळपास राहून, परंतु त्यांची परस्परसंबद्ध रूपे ओळखू येतील अशा बेताने देवनागरीत दिले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : प्राचीन इंग्रजीत आजच्या जर्मनप्रमाणे क्रियापदाच्या आधी उपसर्ग लावून नवे अर्थ साधले जात. पुढे हे उपसर्ग मागे पडले व अव्यय क्रियापदानंतर येऊ लागले. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात डेन लोकांची वस्ती झाली. त्या प्रदेशास ‘डेनलॉ’ असे नाव पडले आणि १०१६ ते १०३५ या काळात तर क्नूद या डॅनिश राजाची सत्ता साऱ्या इंग्लंडवर होती. डेन लोकांच्या भाषेतील आघातहीन उपसर्ग फार पूर्वीच लोपले होते आणि त्यांचे काम क्रियापदानंतर येणारी अव्यये करीत. इंग्रजीतील स्थित्यंतराला या सहवासाने चालना मिळाली, असे अनेक अभ्यासक मानतात. पीटरबरो येथील मठात बाराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या बखरीतील ‘गिव्ह अप’चे जुने रूप स्कँडिनेव्हियन वळणावर बेतलेले असावे, असे मत आहे. ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने इंग्रजीच्या वाढीविषयीच्या आपल्या १९०५ च्या ग्रंथात डेन लोकांनी इंग्रजीला दिलेल्या शब्दांचे विवेचन केले आहे. मरणे, आजारी असणे, घेणे, ‘ते’ हे सर्वनाम, इतके घरगुती शब्द इंग्रजीने त्यांच्याकडून उचलले. परकी सत्ता बहुधा दरबारी शब्द देऊन जाते. येथे मात्र शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना शब्द दिले.

डॅनिशचा प्रवास त्यानंतर काहीसा उलट दिशेने झाला. मध्ययुगाच्या उत्तरार्धात हान्झा संघाच्या व्यापारामुळे उत्तर जर्मनीतील भाषेचा तिच्यावर दाट प्रभाव पडला. लूथरच्या जर्मन बायबलवर आधारलेले तिसऱ्या क्रिस्त्यानचे डॅनिश बायबल १५५० मध्ये छापले गेले व लेखी भाषेला त्याने वळण दिले. उपसर्ग लावलेली क्रियापदे या मार्गाने डॅनिशमध्ये मोठ्या संख्येने परतली. परिणामी आजच्या डॅनिशमध्ये दोन्ही रीती शेजारीशेजारी नांदतात : अव्यय क्रियापदानंतर सुटे ठेवण्याची देशी रीत आणि ते क्रियापदाच्या आधी जोडण्याची जर्मन वळणाची रीत. अनुवादकाच्या दृष्टीने या सहअस्तित्वाला फार महत्त्व आहे.

स्थलवाचक क्रियाविशेषणे : डॅनिशमधील स्थलवाचक क्रियाविशेषणांना दोन रूपे असतात. आखूड रूप गती व दिशा दाखविते, तर शेवटी ‘ए’ जोडलेले रूप स्थिती दाखविते. ‘ऑप’ म्हणजे वर (जाणे), ‘ऑपे’ म्हणजे वर (असणे). त्याचप्रमाणे ‘नेद–नेदे’ (खाली), ‘इन–इने’ (आत), ‘उद–ऊदे’ (बाहेर), ‘येम–येमे’ (घरी), ‘ओवर–ओवरे’ (पलीकडे), ‘बोर्ट–बोर्टे’ (दूर) अशा जोड्या आहेत. इंग्रजीत या सर्व ठिकाणी एकच रूप चालते. मराठीतही ‘तो घरी गेला’ व ‘तो घरी आहे’ या वाक्यांतील ‘घरी’ बदलत नाही. ‘इकडे ये’ आणि ‘इथे बस’ यांत तसा भेद जाणवतो, पण तो काटेकोर नाही. डॅनिशमध्ये तो सर्वत्र पाळावा लागतो. ‘ही इज आउट’ या इंग्रजी वाक्यासाठी ‘ऊदे’ व ‘ही वेंट आउट’ यासाठी ‘उद’ वापरणे अनिवार्य आहे. इंग्रजी ‘व्हेअर’ या एका प्रश्नार्थकामागेही असाच भेद दडलेला असतो. कोठे चाललास, असे विचारताना डॅनिश बोलणारा प्रश्नाच्या अखेरीस बहुधा ‘हेन’ जोडतो. तू कोठे आहेस, असे विचारताना ‘हेने’.

क्रियापदावरून गती की स्थिती हे कळत असेल, तर निवड यांत्रिक होते. शीर्षके, रंगसूचना, तारा, सामानावरील खुणा यांत मात्र इंग्रजी अव्यय क्रियापदाविना येते. दारावरील ‘इन’ ही पाटी आत शिरण्याची वाट दाखविते की कोणी आत असल्याचे सांगते, हे प्रसंग पाहिल्याशिवाय अनुवादकाला ठरविता येत नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न अधिक क्रियाविशेषणांचा आहे. इंग्रजीत ‘स्वयंपाकघरात’, ‘तळघरात’, ‘जर्मनीत’ यांसाठी एकेक शब्दयोगी अव्यय पुरते. बोलत्या डॅनिशमध्ये त्याच्याआधी दिशा वा पातळी सांगणारे क्रियाविशेषण सहज येते. तळघरात म्हणजे ‘खाली तळघरात’, माळ्यावर म्हणजे ‘वर माळ्यावर’. स्वयंपाकघर ‘बाहेर’ असते आणि बैठकीची खोली ‘आत’. मग दोन्ही खोल्या एकाच छपराखाली, भिंतीला भिंत लागून का असेनात. खेडे ‘बाहेर’ आणि शहर ‘आत’. कोपनहेगनचा रहिवासी यूटलंड या द्वीपकल्पाविषयी बोलताना ‘पलीकडे यूटलंडमध्ये’ असे म्हणतो, जर्मनी त्याला ‘खाली’ व नॉर्वे ‘वर’ असतो. बोलणाऱ्याच्या मनात घराचा व देशाचा एक नकाशा असतो आणि प्रत्येक उल्लेखात तो स्वतःचे ठिकाण त्यावर दाखवीत जातो. इंग्रजी मूळात यातले काहीच नसल्यामुळे अनुवादक ही क्रियाविशेषणे गाळतो. वाक्य चुकत नाही. परंतु कथेतील डेन माणसे घर नसल्यासारखी बोलू लागतात. कायदा, विज्ञान व वृत्तलेखन यांच्या भाषेत हीच क्रियाविशेषणे बोलभाषेतील वाटतात व गाळलेलीच बरी. म्हणजे ती घालावीत की नाहीत, हे मूळ शब्दावरून नव्हे, तर लेखनाच्या प्रकारावरून ठरते.

रीतिवाचक व मतदर्शक क्रियाविशेषणे : इंग्रजीत विशेषणाला ‘ली’ हा प्रत्यय लावून क्रियाविशेषण होते. डॅनिशमध्ये त्या जागी सामान्यतः ‘ट’ लागतो. परंतु इंग्रजी ‘ली’ दोन भिन्न कामे करतो. ‘नॅचरली’ हा शब्द क्रियेची रीत सांगेल, तर ‘तो सहजपणे बोलला’ असा अर्थ होतो. तोच शब्द साऱ्या वाक्यावर बोलणाऱ्याचे मत सांगेल, तर ‘तो बोलला, हे ओघानेच आले’ असा. डॅनिशमध्ये पहिल्या अर्थी ‘नाटुर्लिग्ट’ आणि दुसऱ्या अर्थी ‘नाटुर्लिग्विस’ असे वेगळे शब्द आहेत. ‘विस’ हा प्रत्यय मत दर्शविणाऱ्या क्रियाविशेषणांत वारंवार आढळतो : ‘हेल्दिग्विस’ (सुदैवाने), ‘मूलिग्विस’ (कदाचित), ‘सान्सून्लिग्विस’ (बहुधा). इंग्रजीत हा भेद स्वल्पविराम, शब्दाची जागा किंवा आवाजाची चढउतार यांवर सोपविलेला असतो. लेखात स्वल्पविराम राहून गेला, तर डॅनिश अनुवादकाला लेखकाच्या हेतूचा शोध घ्यावा लागतो. ‘क्वाइट’ या शब्दाची गतही तशीच. त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’ असाही होतो व ‘बऱ्यापैकी’ असाही. डॅनिशला त्यासाठी स्वतंत्र शब्द लागतात, त्यामुळे एखाद्या अहवालातील शेरा स्तुतीचा आहे की सांभाळून केलेल्या टीकेचा, याचा निर्णय अनुवादातच लागतो.

रूपसादृश्याने फसविणारे शब्द मोजकेच, पण उपद्रवी आहेत. डॅनिश ‘आक्टुएल्ट’ म्हणजे सध्या चर्चेत असलेले, इंग्रजी ‘ॲक्चुअली’ नव्हे. ‘एवेन्टुएल्ट’ म्हणजे कदाचित, जरूर पडल्यास. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस, कालांतराने. कर्जाची रक्कम अखेरीस परत केली जाईल, या इंग्रजी आश्वासनाचे ‘एवेन्टुएल्ट’ वापरून भाषांतर केल्यास धनकोच्या हाती केवळ शक्यता उरते. डॅनिश सभांच्या कार्यक्रमपत्रिकेत अखेरचा विषय बहुधा ‘एवेन्टुएल्ट’ हाच असतो. आयत्या वेळचे विषय असा त्याचा अर्थ.

कालमर्यादा आणि ‘फ्योर्स्ट’ : इंग्रजीतील ‘नॉट अन्टिल’ ही रचना नकारात्मक आहे : दहा वाजेपर्यंत तो आला नाही. डॅनिशमध्ये ही गोष्ट ‘फ्योर्स्ट’ या एका क्रियाविशेषणाने होकारार्थी सांगितली जाते. मराठीत ‘तो दहा वाजता कोठे आला’ असे आपण म्हणतो, त्याच्याशी ही रचना जुळते. ‘फ्योर्स्ट’चा मूळ अर्थ ‘प्रथम’ असा आहे व तो अर्थही प्रचारात असल्यामुळे संदर्भ तोकडा असल्यास ‘तो पहिला आला’ आणि ‘तो तेव्हा कोठे आला’ यांत घोटाळा होऊ शकतो.

इंग्रजी ‘ओन्ली’ या शब्दाबाबत तर डॅनिशची विभागणी अधिकच काटेकोर आहे. मर्यादा संख्येची वा व्याप्तीची असेल, तर ‘कुन’. वेळ अपेक्षेपेक्षा उशिराची असेल, तर ‘फ्योर्स्ट’. १ मार्च रोजीच रक्कम द्यावी, या अर्थाच्या इंग्रजी कलमात ‘ओन्ली’ असेल आणि अनुवादकाने ‘कुन’ योजले, तर त्या एकाच दिवशी रक्कम देता येईल, असा अर्थ होतो. ‘फ्योर्स्ट’ योजले, तर त्या दिवसाआधी रक्कम देणे लागत नाही, असा. मराठीतील ‘च’ याच्यातही हा संदेह आहे, हे वरील वाक्यावरूनच ध्यानात येईल. यंत्रांच्या माहितीपत्रकांत दिवा विझेपर्यंत झाकण उघडू नये, यासारखी सूचना डॅनिशमध्ये ‘दिवा विझल्यावर मगच झाकण उघडा’ अशी होकारार्थी होते. चांगले डॅनिश म्हणून ती योग्यच आहे. मात्र घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ‘फ्योर्स्ट’ निसटले, तर उरते ते ‘झाकण उघडा’. म्हणून धोक्याच्या सूचनांत भाषेच्या डौलापेक्षा नकार स्पष्ट ठेवणे श्रेयस्कर ठरते.

मनोभावदर्शक निपात : डॅनिश संभाषणात ‘यो’, ‘दा’, ‘नॉक’, ‘वेल’, ‘विस्त’ हे आघातहीन, एकाक्षरी शब्द सतत येतात. ‘तो येणार आहे’ हे विधान कायम ठेवून त्याविषयीची बोलणाऱ्याची भूमिका ते सांगतात. ‘यो’ लावल्यास ‘तो येणार आहेच की’ – म्हणजे ही गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. ‘वेल’ लावल्यास ‘तो येईल ना?’ – माझा तसा समज आहे, तुम्ही दुजोरा द्या. ‘नॉक’ हा बोलणाऱ्याचा स्वतःचा अदमास व्यक्त करतो : ‘येईल बहुधा’. ‘विस्त’ने माहिती ऐकीव किंवा अपुरी असल्याचे कळते व ‘येणार आहे म्हणे’ याच्या तो जवळ जातो. ‘दा’ने ऐकणाऱ्याच्या समजुतीला विरोध होतो : ‘तो तर येणार आहे!’ मराठी वाचकाला या शब्दांचे मर्म चटकन उमगते, कारण ‘की’, ‘ना’, ‘म्हणे’, ‘तर’ हे शब्द त्याच्याही तोंडी असतात. इंग्रजी भाषक हे काम कधी ‘यू नो’, ‘आय सपोज’ यांसारख्या वाक्खंडांनी, कधी शेपटीसारख्या जोडलेल्या प्रश्नाने, तर बहुधा नुसत्या स्वराने करतो.

त्यामुळे कादंबरी वा नाटक यांच्या अनुवादात हे निपात कोठून आणावयाचे, हा प्रश्न पडतो. मूळात बोट ठेवता येईल असा शब्दच नसतो. लक्ष्य भाषेत ज्या घटकांना मूळ भाषेत थेट प्रतिरूप नाही, ते अनुवादात प्रमाणापेक्षा कमी येतात, असा सिद्धांत सोन्या टिर्कोनेन-काँडिट या फिनिश विदुषीने फिनिश भाषेच्या आधारे मांडला (२००४). डॅनिश निपातांना तो उत्तम लागू पडतो. ते गाळलेले संवाद अपुऱ्या ओळखीच्या माणसांमधील वाटतात. उलट दिशेने हानी झाल्याचे उदाहरण हॅन्स क्रिश्चन अँडरसन याच्या परीकथांचे आहे. १८३५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या कथांची भाषा मुलांना सांगितलेल्या गोष्टीची आहे व तिचा जिव्हाळा बऱ्याच अंशी या निपातांवर उभा आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरांत तो मोठ्या प्रमाणावर हरवला व त्या कथा अधिक सोवळ्या, अधिक पुस्तकी झाल्या.

निपात घालण्यात धोकाही आहे. न्यायालयातील दुभाष्याने साक्षीदाराच्या साध्या इंग्रजी विधानात केवळ वाक्य डॅनिश वाटावे म्हणून ‘यो’ घातला, तर ती गोष्ट समोरच्यालाही माहीत होती, असे साक्षीदाराच्या तोंडी पडते. ‘विस्त’ घातला, तर प्रत्यक्ष पाहिलेले ऐकीव होऊन बसते. कथेत जे कौशल्य, तेच साक्षीत बेइमानी ठरेल.

शब्दक्रम : डॅनिश मुख्य वाक्यात रूप चालविलेले क्रियापद दुसऱ्या स्थानी असते. ‘ती वारंवार मासे खाते’ या इंग्रजी वाक्यात ‘ऑफन’ हा शब्द कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये येतो. डॅनिश मुख्य वाक्यात तो क्रियापदानंतर जातो किंवा वाक्यारंभी येऊन कर्त्याला क्रियापदाच्या मागे ढकलतो. गौण वाक्यात मात्र तो क्रियापदाच्या आधी येतो. नकारवाचक ‘इके’ या शब्दालाही हाच नियम आहे. या व्यवस्थेचे स्थाननिहाय कोष्टक पाउल डिडेरिक्सेन (१९०५–६४) याने आपल्या १९४६ च्या डॅनिश व्याकरणात मांडले व पुढे शाळांतूनही ते शिकविले जाऊ लागले. हे नियम कडक असल्यामुळेच अनुवादकाला त्यांचा त्रास कमी होतो. चूक लगेच कानाला खटकते.

निपातयुक्त क्रियापदे : डॅनिशमध्येही अशी क्रियापदे विपुल आहेत व पुष्कळ वेळा ती इंग्रजीच्या शेजारी ठेवता येतात. ‘ईट अप’ म्हणजे ‘स्पीसे ऑप’, ‘स्टँड अप’ म्हणजे ‘स्टॉ ऑप’ – पण येथेच पहिली ठेच लागते. ‘स्टॉ ऑप’ अंथरुणातून उठण्याला, सूर्य उगवण्याला आणि उभे असण्याला म्हणतात. खुर्चीवरून उठून उभे राहण्यासाठी ‘राय्से साय’ हे आत्मवाचक क्रियापद आहे. खाऊन टाकण्याला ‘ऑप’ चालते, पण पिऊन टाकण्याला ‘ड्रिके उद’ म्हणजे शब्दशः ‘बाहेर पिणे’ असे म्हणावे लागते. मराठीत ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’ अशी दोन्हीकडे एकच सहायक धातूची योजना आहे, इंग्रजीत एकच ‘अप’. डॅनिश मात्र ताट व पेला यांत फरक करते. सर्वांत विलक्षण उदाहरण ‘लुके’ याचे. त्याचा अर्थ ‘बंद करणे’. त्यापुढे ‘ऑप’ आले, की ‘उघडणे’. दार बंद करण्याच्या इंग्रजी क्रियापदाला ‘अप’ जोडलेले पाहून कोणी ‘लुके ऑप’ लिहिले, तर सूचना नेमकी उलटी होते.

‘लुक आउट’ शब्दशः ‘से उद’ होते. परंतु त्याचा रूढ अर्थ ‘दिसणे’ (अमुक प्रकारचा दिसणे) असा आहे. सावध राहण्याच्या इशाऱ्याला ‘पास पॉ’ असे वेगळेच शब्द आहेत. दिवा लावणे व मालवणे यांसाठी इंग्रजीत क्रियापद एक आणि अव्यये परस्परविरोधी. डॅनिशमध्ये ‘टेने’ व ‘स्लुके’ ही क्रियापदेच परस्परविरोधी असून रेडिओसारख्या उपकरणाच्या बाबतीत दोहोंपुढे ‘फॉर’ हे एकच अव्यय येते. ‘टेक ऑफ’ हे इंग्रजी जोडपद अंगरखा काढणे, विमानाचे उड्डाण, किंमतीतील सूट आणि रजा यांना सारखेच चालते. डॅनिशमध्ये अंगरख्यापुरते ‘टागे आफ’ जुळते. विमानाला ‘लेटे’ म्हणजे हलके होणे, सूट देण्याला वजाबाकीचे क्रियापद आणि रजेला ‘मोकळा वेळ घेणे’ अशी योजना करावी लागते. कोशात अशी नोंद शोधताना अव्ययाचा नव्हे, तर त्याच्यासोबत येणाऱ्या कर्माचा आधार घ्यावा लागतो.

कर्माच्या जागेविषयी स्कँडिनेव्हियन भाषांतच मतभेद आहेत. ‘क्रमांक लिहून घेतला’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात कर्म निपाताच्या आधी वा नंतर, कोठेही येऊ शकते. डॅनिशमध्ये ते आधीच यावे लागते, स्वीडिशमध्ये सामान्यतः नंतर, तर नॉर्वेजियनमध्ये दोन्ही रचना आढळतात. आघाताच्या दृष्टीने डॅनिशमधील क्रियापद दुबळे होते व जोर निपातावर पडतो. त्यामुळे लांबलचक कर्म आल्यास क्रियापद व निपात यांची ताटातूट होऊन वाचकाला अर्थासाठी वाक्याच्या अखेरपर्यंत थांबावे लागते. असे वाक्य मोडून लिहिणे किंवा उपसर्गयुक्त क्रियापद योजणे हा त्यावरील उपाय आहे.

सुटी व जोड रूपे : वर सांगितलेल्या दोन रीतींमुळे एकाच क्रियापदाची एकाच अव्ययाशी दोन नाती जुळतात. अव्यय मागून आले, तर अर्थ बहुधा प्रत्यक्ष व बोलीतील. पुढे जोडले, तर अमूर्त, शास्त्रीय वा कचेरीतील. ‘स्क्रीवे नेद’ म्हणजे कागदावर लिहून ठेवणे. ‘नेदस्क्रीवे’ म्हणजे मजकूर शब्दबद्ध करणे आणि हिशेबात मालमत्तेची किंमत कमी दाखविणे. ‘से इन’ म्हणजे आत पाहणे, ‘इनसे’ म्हणजे उमगणे. ‘स्टॉ ऑप’ म्हणजे उठणे, ‘ऑपस्टॉ’ म्हणजे उद्‌भवणे. मृतांतून उठण्यासाठीही हेच जोड रूप आहे. ‘गीवे ऑप’ म्हणजे हार मानणे. ‘ऑपगीवे’ म्हणजे आशा वा बेत सोडून देणे, शिवाय नावपत्ता नमूद करणे. कधी दोहोंतील संबंध पार तुटलेला असतो : ‘आफहॉले’ म्हणजे सभा भरविणे, ‘हॉले आफ’ म्हणजे एखाद्यावर माया असणे. ‘अनुवाद करणे’ या अर्थाचे क्रियापदही याच घडणीचे आहे. ‘ओवरसेटे’ म्हणजे भाषांतर करणे. ‘सेटे ओवर’ म्हणजे कॉफीसाठी आधण ठेवणे.

इंग्रजीत शैलीचा हा भेद दोन शब्दकुलांत वाटलेला आहे. ‘पुट ऑफ’ घरगुती, तर लॅटिन मुळाचा ‘पोस्टपोन’ औपचारिक. डॅनिश अनुवादकाने ‘पुट ऑफ’ साठी ‘उदसेटे’ लिहिले, तर अर्थ बरोबर येतो, पण सूर किंचित चढतो. कारण येथे सुटे रूप या अर्थी उपलब्धच नाही. उलट एखाद्या शासकीय मसुद्यात जोड रूपाच्या जागी सुटे रूप पडले, तर मजकूर बोलघेवडा वाटतो. विशेषणासारखे वापरलेले धातुसाधित आणि भाववाचक नाम यांत मात्र निवड नसते. अव्यय पुढे जोडावेच लागते. ‘वास्के ऑप’ (भांडी घासणे) यापासून ‘ऑपवास्क’, ‘स्लॉ ऑप’ (कोशात शब्द पाहणे) यापासून ‘ऑपस्लाग’. ज्ञानकोशासारख्या संदर्भग्रंथाला डॅनिशमध्ये ‘ऑपस्लाग्सवेर्क’ म्हणतात, ते यामुळेच.

काही वेळा इंग्रजी क्रियाविशेषणाची जागा डॅनिशमध्ये क्रियापदच घेते. ‘युजुअली’ यासाठी ‘प्लायर’ (करीत असतो) हे क्रियापद अधिक स्वाभाविक. चुकून घडलेल्या गोष्टीला ‘कॉमे टिल अत’ अशी क्रियापदाची जोड, वेळेत पुरे होण्याला ‘नॉ’. याउलट इंग्रजीत आवड दाखविणारे क्रियापद डॅनिशमध्ये ‘गेर्ने’ या क्रियाविशेषणात मावते. बसून वाचण्याची चालू क्रिया डॅनिशमध्ये ‘बसतो आणि वाचतो’ अशा जोडीने सांगितली जाते. मराठीतील ‘वाचत बसला आहे’ याची येथे आठवण होते. इंग्रजी रूपाला शब्दाला शब्द देऊन ही वळणे कधीच साधत नाहीत.

कायद्याची भाषा : १ जानेवारी १९७३ रोजी डेन्मार्क, ब्रिटन व आयर्लंड यांनी यूरोपीय समुदायांत एकाच वेळी प्रवेश केला आणि इंग्रजी व डॅनिश या दोन्ही तेथील अधिकृत भाषा झाल्या. समुदायाच्या कायद्याची सर्व अधिकृत भाषांतील पाठे सारखीच प्रमाण मानली जातात. त्यांची तुलना करून अर्थ लावला पाहिजे, हे समुदायाच्या न्यायालयाने सिलफिट प्रकरणी १९८२ मध्ये स्पष्ट केले. या व्यवस्थेत डॅनिश पाठ हे कायद्याच्या दृष्टीने भाषांतर राहत नाही. तोच कायदा असतो. ब्रिटन २०२० मध्ये यूरोपीय संघातून बाहेर पडले, तरी इंग्रजी अधिकृत भाषा म्हणून राहिली आहे व बरेचसे मसुदे मुळात इंग्रजीत तयार होतात. ‘ले डाउन’, ‘सेट अप’, ‘ड्रॉ अप’, ‘कॅरी आउट’ ही निपातयुक्त क्रियापदे या इंग्रजीत पदोपदी येतात. त्यांच्यासाठी डॅनिशमध्ये ‘फास्टसेटे’ (ठरविणे), ‘ऑप्रेटे’ (स्थापणे), ‘उदआर्बाय्डे’ (तयार करणे), ‘गेनेमफ्योरे’ (अंमलात आणणे) अशी जोड रूपे रूढ झाली आहेत. या क्षेत्रातील अनुवादकाला निवडीचे स्वातंत्र्य फारसे नसते : एकदा ठरलेले रूप पुढच्या प्रत्येक कायद्यात तसेच यावे लागते, नाहीतर वेगळ्या शब्दामागे वेगळा हेतू असल्याचा युक्तिवाद करता येतो.

उपशीर्षके आणि इंग्रजीचा प्रभाव : डेन्मार्कमध्ये मुलांसाठी असलेले कार्यक्रम वगळता परदेशी चित्रपट व दूरचित्रवाणी कार्यक्रम सामान्यतः मूळ आवाजातच दाखविले जातात व पडद्याच्या तळाशी डॅनिश उपशीर्षके येतात. ती बहुधा दोन ओळींत बसवावी लागतात. अशा वेळी एकाक्षरी निपात मोलाचे ठरतात. इंग्रजीतील लांबलचक आर्जव वा शंका एका ‘वेल’ने भागते. दुसरीकडे प्रेक्षक इंग्रजी ऐकत असतानाच डॅनिश वाचत असल्यामुळे ऐकलेल्या इंग्रजीचे वळण वाचलेल्या डॅनिशमध्ये शिरते. ‘हेंगे उद’ या जोडपदाचा जुना अर्थ एखाद्याची चारचौघांत नाचक्की करणे असा आहे. इंग्रजी ‘हँग आउट’च्या नमुन्यावर तरुणांनी ते मित्रांसमवेत निवांत वेळ घालविण्यासाठी वापरण्यास सुरुवात केली आणि हा अर्थही आता रूढ झाला आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू शकतात, याचे कारण पुन्हा व्याकरणच आहे : जुन्या अर्थी कर्म लागते, नव्या अर्थी लागत नाही.